मित्रीचे ताट

सोमवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या मीना बंदरात, मागच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची मोडली. तिचा मागचा पाय बैठकीपासून निखळला आणि ती कलंडून भिंतीला टेकली. त्या वेळी खुर्चीवर कोणी बसलेले नव्हते.

घरात दोनच माणसे होती. अफीफा, वय सहासष्ट, आपल्या जागी बसून सॅलड खात होती. तिची मुलगी रुला हातात लिंबू घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मोडलेली खुर्ची अफीफाचा नवरा मित्री याची. तो १९८३ सालापासून बेपत्ता आहे.

अफीफाने काटा खाली ठेवला आणि खुर्चीकडे पाहून विचारले, "लागलं का रे?"

रुलाने लिंबू ओट्यावर ठेवले. गुरुवारी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, आणि सकाळीच आईला वजनकाट्यावर उभे केले तेव्हा आकडा पुन्हा खाली आला होता. तो दीड महिन्यापूर्वीच थांबायला हवा होता.

फेब्रुवारीत प्रश्न नेमका उलटा होता. अफीफाचे वजन तेव्हा एकशे बारा किलो होते. दोन्ही गुडघे गेले होते. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि वीज तर जाणारच, त्यामुळे दोन वर्षे ती जिना उतरली नव्हती. भाजी घ्यायची तर बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. बैरूतच्या सर्जनने स्पष्ट सांगितले होते, की पंच्याऐंशीच्या खाली या, मग बोलू. त्याला भेटायला नेताना शेजारच्या चार पोरांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवले. अर्धी गल्ली बघत होती. अफीफा कोणाकडेही न पाहता मांडीवर पर्स धरून बसली होती.

वर्षानुवर्षे शस्त्रक्रियेला नाही म्हणणारी अफीफा या वेळी हो का म्हणाली, हे तिने मुलीला एकदाच सांगितले होते. जानेवारीत कोणीतरी दाराची घंटा वाजवली. रुला कामावर होती. अफीफाला खुर्चीतून उठून दारापर्यंत पोचायला इतका वेळ लागला, की दार उघडले तेव्हा जिन्यात कोणी नव्हते.

"वीजबिलवाला असेल," रुला म्हणाली.

"असेल," अफीफा म्हणाली. "पण मला उठता यायला हवं. दार उघडायला मीच हवी."

रुला औषधांच्या दुकानात काम करते. दुकानात येणाऱ्या लमीस नावाच्या आहारतज्ज्ञ मुलीला तिने घरी बोलावले. लमीस तिशीच्या आतली, हसरी, पण कामात शिस्तीची. आल्या आल्या तिने वही काढली.

"काकू, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता ते सगळं सांगा. लपवायचं नाही."

"लपवायला राहिलंय काय? दिसतंच आहे की."

"तरी सांगा."

"सकाळी थोडं दही, जैतून, अर्धी भाकरी. दुपारी जेवण. कधी भात आणि वाल, कधी मासा, कधी भरलेली कोबीची पानं. मग दिवस मावळायच्या आत मित्रीचं जेवण. रात्री काही नाही, एखादं फळ."

लमीसचे पेन थांबले. "मित्री कोण?"

"माझा नवरा."

"बरं. त्यांचं राहू दे. तुमचं सांगा."

"तेच सांगतेय. त्याचं जेवण मी जेवते. तो घरी नसतो."

"कधीपासून?"

"ही चार वर्षांची होती तेव्हापासून." अफीफाने रुलाकडे बोट दाखवले.

मीनातल्या दर्यावर जाणाऱ्यांच्या घरांत ही रीत जुनी आहे. होडी बाहेर असताना दुपारची पाने वाढली गेली, तर दर्यावरच्याचेही ताट वाढतात, त्याच्या जागी ठेवतात आणि त्यावर दुसरे ताट पालथे घालतात. तो आला तर तो जेवतो. नाही आला, तर सूर्य बुडण्याआधी घरातल्याच कोणीतरी ते ताट संपवायचे असते. फेकायचे नाही, मांजराला घालायचे नाही, रात्रभर ठेवायचे नाही. का, ते कोणी विचारत नाही. बहुतेक घरांत नवरा तासाभरात येतो आणि ताट त्याचे त्यालाच मिळते.

मित्री मासे पकडायचा. तो नाहीसा झाला त्या दिवशी मात्र तो होडीवर नव्हता. इंजिनाचा एक भाग आणायला तो टॅक्सीने बैरूतला निघाला होता. युद्धाचे दिवस होते. वाटेतल्या एका तपासणी नाक्यावर गाडीतून दोघांना उतरवून घेतले, त्यातला एक तो. त्यानंतर कोणी त्याला पाहिलेले नाही. अफीफाने त्या दुपारी त्याचे ताट वाढले, संध्याकाळी स्वतः खाल्ले, आणि नंतर एकही दिवस चुकवला नाही. रोज दोन जेवणे. लग्नात ती काडीसारखी होती असे गल्लीतले म्हातारे सांगतात.

लमीसने सगळे ऐकून घेतले. हसली नाही. ती मऊ आवाजात म्हणाली, "काकू, ताट वाढायला माझी काही हरकत नाही. वाढा. आठवण त्या ताटात आहे ना? मग ते तुमच्या पोटात जायलाच हवं असं कुठंय?"

"मग ते खाणार कोण?"

"कोणी नाही. सकाळी रुलाताई काढून टाकतील."

अफीफा मुलीकडे बघत राहिली. रुलाने मान खाली घालून वहीतले वाचल्यासारखे केले. तिला हायसे वाटले होते.

दुसऱ्या दिवसापासून सॅलड सुरू झाले. लमीसने ते नीट आखून दिले होते. काकडी, टोमॅटो, मुळा, घोळूची पाने, पुदिना, वर आंबट लाल सुमाक आणि लिंबू. फत्तूश नावाच्या सॅलडमध्ये पाव तळून घालायचा नाही, भाजून, तोही चार तुकडे. तबुले या दुसऱ्या सॅलडमध्ये पार्सलीच भरपूर, दलिया नावाला. ऑलिव्ह तेल मोजून. सोबत कधी चणे, कधी अंडे, कधी मासा. "सॅलड म्हणजे उपास नाही," असे ती प्रत्येक फोनवर बजावायची. "पोट भरलं पाहिजे. हळूहळू उतरू दे. घाई केलीत तर गाठ माझ्याशी आहे."

अफीफाची टोपली आता रोज खाली जाऊ लागली. भाजीवाला फव्वाज तिच्यात जुड्या रचता रचता वर तोंड करून ओरडायचा.

"बाई, घरात बकरी पाळलीत का?"

"पाळलीये. तुझ्या आईला विचार, तिच्याच गोठ्यातली."

"दूध देते का?"

"अजून नाही. तू वर येऊन बघ, लाथ देते."

पहिले दोन महिने मित्रीचे ताट सकाळी जसेच्या तसे मिळायचे. भात वाळलेला, रश्शावर साय. रुला ते पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, कामावर जाताना दोन गल्ल्या पलीकडच्या कचरापेटीत टाकायची. आपल्या गल्लीतल्या पेटीत टाकले तर कोणीतरी पाहील अशी तिला भीती होती. अफीफाचे वजन उतरत होते, जसे उतरायला हवे तसे.

मे महिन्यात एका सकाळी ताट रिकामे होते.

रुलाचा पहिला संशय आईवर. तिने शनिवारी काट्यावर आईला दोनदा उभे केले. आकडा उतरलेलाच होता, आणि आठवड्यात जेवढा उतरायचा त्याहून जास्त. मग तिला वाटले मांजर. तिने बाल्कनीचे दार लावले, खिडक्या लावल्या, स्वयंपाकघराच्या झरोक्याला जाळी ठोकून घेतली. ताट रिकामेच. वरचे पालथे ताट जागच्या जागी असायचे. काढून पाहिले, की खालच्या ताटाच्या काठावर पांढरी रेघ दिसायची, कपड्यावर समुद्राचे पाणी वाळल्यावर उमटते तशी. रुलाने बोट लावून चाटले. मीठ होते.

जूनमध्ये अफीफा कठडा धरून जिना उतरली. रविवारी दोघी मावसबहिणीकडे गेल्या, घराला कुलूप लावून, किल्ली रुलाच्या पर्समध्ये. जाताना मित्रीच्या ताटात भरलेला दुधी भोपळा आणि भात होता. परत आल्या तेव्हा ताटात काही नव्हते, आणि त्याच्या खुर्चीची वेताची विणलेली बैठक मधोमध खोल गेली होती. रुलाने ती खालून हाताने वर ढकलून पाहिली. वेत ओला होता.

"आई, हे बघ."

"बघितलं."

"कधी?"

"आठ-दहा दिवस झाले. तू घाबरशील म्हणून बोलले नाही." अफीफा डोक्यावरचा रुमाल सोडत होती. तिच्या चेहऱ्यावर रुलाने लहानपणापासून न पाहिलेले काहीतरी होते. ती तरुण दिसत होती. "इतकी वर्षं त्याच्या तोंडचं मी खात होते, रुला. तो येणार कसा? मीच त्याला उपाशी ठेवला."

त्या दिवसापासून ती मित्रीच्या ताटात जास्त वाढू लागली.

ऑगस्टच्या शेवटी अफीफा पंच्याऐंशीच्या खाली आली. सर्जनने तारीख दिली. लमीसने फोनवर अभिनंदन केले आणि सांगितले, की आता उतरणे पुरे, वजन इथेच धरायचे. तिने सॅलडमध्ये मसूर वाढवले, अक्रोड घातले, तेल दुप्पट केले, तिळाची चटणी दिली, सकाळी भाकरी पूर्ण केली. अफीफा सगळे निमूट खायची. वजन ऐंशीच्या खाली गेले. मग अठ्ठ्याहत्तर.

"काकू टाकून देतात का खाणं?" लमीसने रुलाला विचारले.

"माझ्यासमोर खाते. ताट पुसून खाते."

"मग मी येऊन बघते."

ती आली ती जेवणाच्या वेळेला. अफीफाने टेबल मांडले होते. लमीसने वही काढली आणि सवयीने जवळची खुर्ची ओढली.

"तिथे नको गं बाळ," अफीफा म्हणाली.

लमीसचा हात तोवर बैठकीवर पडला होता. तिने तो पटकन मागे घेतला, तळव्याकडे पाहिले, आणि स्कर्टला पुसला. त्यानंतर ती रुलाच्या बाजूला बसली. अफीफाने एक मोठा वाडगा सॅलड, दोन अंडी आणि भाकरी खाल्ली. लमीसने सगळे टिपले. जेवण होईपर्यंत ती एकदाही मित्रीच्या खुर्चीकडे वळली नाही. जाताना जिन्यात तिने रुलाला सांगितले, "रक्त तपासून घ्या. थायरॉइड, साखर, सगळं." एक पायरी उतरल्यावर म्हणाली, "आणि यापुढे फोनवरच बोलू. मला घरी यायला जमणार नाही." तपासणीत काही निघाले नाही.

रुला मग आत्याकडे गेली. बाहिजा, मित्रीची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, रोज दुपारी धक्क्यावरच्या चहाच्या टपरीबाहेर पत्ते खेळत बसते. रुलाने तिला बाजूला घेतले आणि सगळे सांगितले. बाहिजाने ऐकता ऐकता सिगारेट संपवली.

"रात्रभर ठेवता ताट?"

"हो. त्या लमीसने सांगितलं."

"ती कुठली?"

"डोंगरावरची."

"मग तिला काय ठाऊक. तू तर इथलीच ना?" बाहिजाने थोटूक चिरडले. "ते ताट दर्यावरच्याचं. तुझा बाप दर्यावर गेला होता का?"

"नाही."

"टॅक्सीत बसून गेला. मी स्वतः बघितलं. खिशात संत्री घालून गेला. मी तेव्हाच अफीफाला म्हटलं, बाई, दर्यावरच्याचं ताट त्याच्यासाठी नाही. ती म्हणाली, वन्सं, मग कुठलं वाढू? मी काय सांगणार. म्हटलं जाऊ दे, खाते तर आहे संध्याकाळी."

"मग खातंय कोण, आत्या?"

"मला कसं ठाऊक असणार?" बाहिजाने समुद्राकडे न बघता पत्ते पिसायला घेतले. "दर्यात उपाशी एकच आहे असं तुला वाटतं का? सांगून टाक तुझ्या आईला. नाहीतर नको सांगू. ऐकायची नाही ती. लग्नात पण माझं ऐकलं नव्हतं."

रुलाला वडिलांचे फारसे काही आठवत नाही. पण घरात नेहमी सांगितली जाणारी एक गोष्ट तिला पाठ आहे. मित्रीला भेंडी चालत नसे. नुसत्या वासाने तो टेबलावरून उठायचा. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात अफीफाने भेंडीचा रस्सा केला होता, तर तो जिन्यात जाऊन बसला होता आणि भाकरी-कांदा खाऊन होडीवर गेला होता. त्या घरात पुन्हा भेंडी शिजली नाही.

बुधवारी रुलाने दुकानातून सुट्टी घेतली, फव्वाजकडून भेंडी घेतली आणि रस्सा केला. अफीफा वासाने स्वयंपाकघरात आली.

"हे काय?"

"बाबांसाठी."

अफीफाला तिचा डाव लगेच कळला. ती रागावली नाही. ओट्याला टेकून बघत राहिली. रुलाने ताट भरले, त्याच्या जागी ठेवले, पालथे ताट घातले, आणि दोघी आतल्या खोलीत जाऊन बसल्या. ऊन होते. खाली कोणीतरी होडीला रंग देण्यासाठी जुना रंग खरवडत होते. अर्ध्या तासाने रुला बाहेर आली. ताट रिकामे होते. रस्साही पुसून घेतलेला, एक देठ राहिलेला नव्हता. टेबलाखालची फरशी ओली होती.

"तो नाही, आई," रुला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त ती भिंतीला टेकून उभी होती. "बाबा नाहीत. कोणीतरी दुसरंच आहे."

"भुकेनं माणूस बदलतो," अफीफा म्हणाली. "तुला भूक म्हणजे काय ठाऊक नाही. पस्तीस वर्षांनी मी तुला भेंडी दिली असती तर तूही चाटूनपुसून खाल्ली असतीस."

"आई, तू उतरत चालली आहेस. तुला दिसत नाही का? तू खातेस ते जातंय कुठं?"

"गुडघे हलके झाले माझे. सगळे म्हणतात छान दिसते."

"पुढच्या गुरुवारपर्यंत अजून उतरलीस तर भूलवाला डॉक्टर हात लावणार नाही. मग गुडघा राहिलाच."

"लावेल. मला दारापर्यंत जायचंय. तेवढं झालं की बस."

त्यानंतरच्या सोमवारी खुर्ची मोडली.

रुलाने तुकडे बाल्कनीत नेऊन ठेवले आणि मित्रीच्या ताटावरचे पालथे ताट उचलले. अजून अर्धे भरलेले होते. वाल आणि भात. तिने चमचा घेतला.

"ठेव तो," अफीफा म्हणाली.

"रीत अशीच आहे ना? घरातल्या माणसानं संपवायचं. तू इतकी वर्षं संपवलंस. आता मी संपवते."

"तू हात लावलास तर मी गुरुवारी जायची नाही. इथेच बसेन. सॅलडही खाणार नाही."

रुला चमचा धरून उभी राहिली. अफीफाने तिच्याकडे पाहिलेही नाही. आपल्या वाडग्यात लिंबू पिळले, पाने खालीवर केली आणि खाऊ लागली. थोड्या वेळाने रुलाने स्वयंपाकघरातले स्टूल आणून मित्रीच्या जागी ठेवले.

गुरुवारी सकाळी बैरूतच्या रुग्णालयात अफीफाचे वजन चौऱ्याहत्तर भरले. भूल देणाऱ्या डॉक्टरने कागद दोनदा चाळले. सहा आठवड्यांत इतके कसे उतरले, असे त्याने रुलाला विचारले. सॅलड, असे अफीफानेच उत्तर दिले. रक्त, छाती, हृदय सगळे ठीक होते. त्याने सही केली. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली.

शुक्रवारी अफीफा पूर्ण शुद्धीवर आली आणि तिने मुलीला पलंगाशेजारी पाहिले.

"तू इथे काय करतेस? घरी ताट कोण वाढणार?"

"आई, दोन दिवस नाही वाढलं तर—"

"जा. आत्ताच्या आत्ता. माझ्या गळ्याची शपथ घे."

रुलाने शपथ घेतली, ताट वाढण्याची. ती मीनाला परतली. वाल-भात केला, स्टुलासमोर ताट ठेवले, वर पालथे घातले. मग आपल्या खुर्चीत बसून वाट पाहिली. ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेले. सूर्य बुडायच्या आधी तिने ताट पुढे ओढले, उघडले आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ले. भात खारट लागत होता. तिने मीठ चिमूटभरच घातले होते.

शनिवारी तसेच केले. स्टुलावर हात फिरवला, कोरडे होते. फरशी कोरडी होती. रविवारी तिने शेजारणीकडून मासा आणला, तळला, ताट वाढले. घरात नुसता माशाचा वास होता. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती.

दीड वाजता वॉर्डातून परिचारिकेचा फोन आला.

"तुमच्या आई अगदी छान आहेत. जखम कोरडी आहे, वॉकर धरून चार पावलं चालल्या. मी दुसऱ्याच कामासाठी फोन केला. त्यांच्याजवळ जे गृहस्थ बसतात, त्यांचं नाव आमच्याकडे दिलेलं नाही."

"कोण गृहस्थ?"

"तुमचे वडील ना? आई म्हणतात माझे यजमान. त्या स्वतः सॅलड तेवढं खातात, बाकी ट्रे त्यांना देतात. एरवी आम्ही बोलत नाही, पण आईंचं वजन आज पुन्हा उतरलंय. डॉक्टर म्हणाले, त्यांचं जेवण त्यांनीच जेवायला हवं."

"तुम्ही त्यांना बघितलंत?"

"पाठमोरं. खिडकीकडे तोंड करून बसतात. चांगले दणकट आहेत. त्यांना काही आजार आहे का हो? फरशी सारखी पुसून घ्यावी लागते."

"त्यांना जेवण देऊ देऊ नका," रुला म्हणाली. "मी येतेय. तोवर माझ्या आईजवळ कोणीतरी बसा."

"आजचा ट्रे आत्ताच ठेवून आले मी. थांबा, बघते."

रुलाने टेबलावरचे ताट तसेच सोडले आणि स्टँडवर जाऊन बैरूतची गाडी पकडली. वाटेतले चेक्का गाव ओलांडल्यावर फोन वाजला. तीच परिचारिका होती. ती वॉर्डात गेली तेव्हा पलंग रिकामा होता, शेजारची खुर्चीही. वॉकर पलंगाशी टेकवलेला होता, चपला खाली जोडलेल्या होत्या. खोलीचे दार आतून उघडले गेले होते. बाहेरच्या टेबलापाशी दोघी परिचारिका बसलेल्या असतात, त्यांनी कोणाला जाताना पाहिले नाही. रखवालदार जिना आणि गच्ची बघत होता.

रुलाने ट्रेबद्दल विचारले.

ट्रे जागेवर आहे, परिचारिका म्हणाली. मुख्य जेवण संपलेले आहे, अगदी स्वच्छ. सॅलडला कोणी हात लावलेला नाही.